डावीकडचा सॅक्स

मी संशयी माणूस आहे. हे माझ्या बायकोचं मत, आणि ते मांडायचा तिला पुरेपूर हक्क आहे. दूधवाल्यानं पाणी घातलं का, दुकानदारानं जुनी तूरडाळ माथी मारली का, शेजारी आपल्याकडंच बघून का खाकरला, ह्या माझ्या सगळ्या चौकशा तिनं पस्तीस वर्षं ऐकल्यात. पण वाजवण्याच्या बाबतीत माझा संशय खोटा निघाल्याचं तिलाही आठवत न्हाय. ढोलवाला दोन घोट मारून आलाय हे मला पहिल्या ठोक्याला कळतं. ट्रम्पेटवाला घरून भांडून आलाय हेही कळतं. म्हणून माझा जोडीदार माझा हात, म्हणजे माझी वाजवायची ढब, चोरतोय असं माझ्या मनानं घेतलं, तेव्हा ते खोटं असेल असं मला एकदाही वाटलं न्हाय.

उमरग्यात हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानांच्या ओळीत आमच्या बँड पार्टीचं शटर आहे. चाळीस वर्षं मी सॅक्सोफोन वाजवतोय, त्यातली पंचवीस वर्षं पहिला सॅक्स म्हणून. आमच्याकडं दोन सॅक्स असतात. पहिला उजवीकडं उभा राहतो. गाणं तोच उचलतो, कुठं थांबायचं, कुठं वळायचं ते तोच ठरवतो. दुसरा डावीकडं. त्यानं पहिल्याच्या आवाजात आवाज मिसळायचा, इतका की ऐकणाऱ्याला एकच सॅक्स वाजतोय असं वाटावं. नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडं निघाला की भोवती ढोल, ताशा, फटाके, नाचणारे पाहुणे, आणि मागं अडकलेल्या ट्रकांचे हॉर्न. तिथं दोघं दोन तऱ्हेनं वाजवायला लागले तर गाण्याचा नुसता चिखल होतो. दोघांचा मिळून एक आवाज झाला तर तो गल्लीच्या टोकापर्यंत जातो. आणखी एक रीत आहे. चालता चालता पहिल्याचा श्वास तुटला की दुसऱ्यानं गाणं तिथूनच पुढं न्यायचं, आणि सांधा कुणाला कळू द्यायचा न्हाय. ह्याला आम्ही दम देणं म्हणतो.

माझ्या डावीकडं एकोणीस वर्षांपासून एकच माणूस उभा राहतो. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडं बोलणं मोजकंच. मला तो मास्तर म्हणतो. सगळेच म्हणतात, पण तो म्हणतो तेव्हा मान थोडी खाली घालतो. एकोणीस वर्षांत आमचा कधी वाद झाला न्हाय. आता मागं वळून बघितलं की वाटतं, वाद घालायला दोन माणसं लागतात.

मागच्या थंडीत ईट गावाला एका मोठ्या लग्नाची सुपारी होती. पाहुण्यांत पुण्याची एक बाई आली होती. गाणी रेकॉर्ड करणं हा तिचा धंदा. परण्या देवळापाशी टेकला तशी ती सरळ आमच्याकडं आली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून एक अल्बम कराल का? लोकांसमोर, लाइव्ह. जॅझमध्ये करतात तसा."

मला वाटलं, बाई काहीतरी विकायला आलीय. "म्हंजे आमाला करावं काय लागंल?" मी विचारलं.

ती हसली आणि तिनं पर्समधून एक पेनड्राइव्ह काढून दिला. त्यात परदेशातला एक जुना अल्बम होता, दोन सॅक्सवाल्यांनी एका हॉटेलात लोकांसमोर वाजवलेला. "आधी हे ऐका," ती म्हणाली, "मग ठरवा."

घरी तो पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. बायको शेजारी ज्वारी निवडत बसली होती. सुरुवातीला नुसता गलका. ग्लास आपटतायत, कुणी खोकतंय, कुणी हसतंय. मग दोघांनी मिळून एक चाल वाजवली, आणि एक जण ती सोडून निघाला की हो मनाचं वाजवत! दुसरा गप्प. बराच वेळ भटकून पहिला परत आला, मग दुसरा निघाला. शेवटी तर एक ओळ हा म्हणतो, एक ओळ तो. कुठं सूर घसरला तर घसरलेलाच ठेवलाय, पुसलेला न्हाय.

"ह्यांचं भांडान लागलंय का काय?" बायको म्हणाली.

"न्हाय गं, ही रीत हाय त्यांची."

"मंग बरंय. एकाचा आवाज भरडा हाय, बैलाला हाका मारल्यावानी. आन दुसरा चिरका. माझ्या थोरल्या नणंदंवानी."

तिला सॅक्समधलं ओ की ठो कळत न्हाय. पण सुपात मान घालून ती सांगत होती, आता भरडा, आता नणंद, आता परत भरडा. एकदाही चुकली न्हाय. मग तिनं विचारलं, "ह्यातला पहिला कोन?"

मला सांगता येईना. तेच मला खटकलं. दोन सॅक्स वेगळे वाजले की लोक तुलना करणार. तुलना झाली की कुणीतरी खाली जाणार. मी साठीला टेकलेला, तो अठ्ठेचाळीसचा. उजवीकडची जागा गेली तर माझ्याजवळ राहतं काय? दुसरा हुन्नर मी शिकलो न्हाय. रस्त्यानं जाताना चार माणसं "या मास्तर" म्हणतात ती त्या जागेला म्हणतात, मला न्हाय, हे मला पक्कं ठाऊक आहे. अल्बमला नको म्हणावं तर मास्तर भ्याला असं झालं असतं. म्हणून व्हय म्हणालो.

त्यात माझे दात. दोन वर्षांमागं वरचे सगळे दात काढून मी कवळी बसवली होती. सॅक्स वाजवताना वरचे दात माउथपीसवर टेकलेले असतात, आणि आवाज कानाआधी दातांतून डोक्यात चढतो. ढोलाच्या गदारोळात कान काही कामाचे न्हायत, आपण काय वाजवतोय ते दातच सांगतात. कवळी आली आणि ते सांगणं बंद पडलं, आणि ढोलाशिवाय एकट्यानं वाजवायची मला सवय न्हाय. डॉक्टर म्हणाला, वाजवणं आता बेतानं करा. मी त्याला म्हणालो, "तुमी दाताचं बघा, वाजवायचं मी बघतो." पंधरा दिवसांत कवळी झकास बसली असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. आणि नवल म्हणजे लोकांची तारीफ कमी व्हायच्या जागी वाढली. कळंबच्या एका लग्नात नवरीचा बाप हात धरून म्हणाला, "मास्तर, वयाबरोबर गोडी वाढत चाललीय तुमची." हे मी घरी येऊन तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, "कळलं. आता त्यो बाप पुरे."

अल्बमचं ठरलं आणि मी जोडीदाराकडं नीट बघायला लागलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणा. बघितलं तर तो पूर्वीपेक्षा मला चिकटून उभा राहत होता. वाजवताना त्याची नजर समोर नसायची, माझ्या बोटांवर असायची. मी श्वास घेतला की तो घ्यायचा. एका दुपारी शटरमध्ये सराव चालू असताना मी चूळ भरायला बाहेर गेलो, आणि आतून मला माझाच आवाज आला.

म्हणजे असं. ओळ संपताना मी शेवटचा सूर जरासा वर ओढतो, तिथं लटकत ठेवतो, आणि लोकांना आता पडला असं वाटलं की हळूच सोडतो. ही मुरड माझी. कुणाकडून घेतलेली न्हाय, वरातीत चालता चालता सापडलेली. तालुक्यातली माणसं डोळे झाकून सांगतात, मास्तर वाजवतोय. दोघांनी एका आवाजात वाजवायचं हे खरं, पण ती मुरड आली की डावीकडच्यानं थांबायचं, ती पहिल्याची. आणि आत तो एकटा बसून ती मुरड घेत होता. मी आत गेलो तसा तो थांबला आणि माउथपीसमधली पत्ती काढून पुसायला लागला.

"काय चाललंय?"

"काय न्हाय, मास्तर. चावीचं पॅड चिकटत व्हतं."

अस्सं. पॅड चिकटत होतं. माझ्या डोक्यात तिथंच दिवा लागला. मग एकेक दिसायला लागलं. त्या पुण्याच्या मॅडम त्याला फोन करतात, मला करत न्हायत. एकदा त्या उमरग्यात जागा बघायला आल्या, तेव्हा दोघं रिक्षापाशी उभे राहून हळू आवाजात बोलत होते. तो हात हलवून काहीतरी विनवत होता. मी जवळ गेलो आणि दोघं गप्प. "काय ठरलं?" मी विचारलं. "काही नाही, माइकचं बोलत होतो," मॅडम म्हणाल्या. माइकचं बोलायला विनवण्या कशाला लागतात?

मी बायकोला म्हणालो, "ह्यो माझ्या जागंवर बसनार बघ."

"एकोनीस वरसं डावीकडं उभा राह्यला. बसायचं आसतं तर कवाच बसला आसता."

"तवा माझे दात व्हते."

ती माझ्याकडं बघत राहिली. 

मग एक दिवस बाजाराला जातो सांगून मी एस्टीनं त्याच्या गावाला गेलो. न सांगता. लाज वाटली का? न्हाय वाटली. फाट्यावर उतरून पांदीनं चालत गेलो. घराच्या मागं त्याचा गोठा आहे, पत्र्याचा. लांबूनच सॅक्स ऐकू आला. मी कडब्याच्या गंजीमागं उभा राहिलो. आत तो माझी ओळ वाजवत होता. ओळ, शेवटचा सूर, वर ओढला, लटकवला, सोडला. थांबला. परत तीच ओळ. परत. मी मोजायचं सोडून दिलं. मधला माझा श्वाससुद्धा त्यानं उचलला होता, म्हातारपणी मी जो चोरून अर्धा घेतो तो. म्हशी निवांत रवंथ करत होत्या, त्यांना पाठ झालं असणार.

त्याची बायको चहा घेऊन गोठ्यात आली. तिनं कानडीत विचारलं, झालं का. तो म्हणाला, अजून त्यांच्यासारखं होत न्हाय. तेवढं कानडी मला कळतं.

मी तसाच माघारी फिरलो. पुरावा मिळाला होता. हद्दीवरून परत येईपर्यंत अंगाची नुसती लाही होत होती. घरी बायकोनं विचारलं, "बाजारातनं काय आनलं?"

"काय न्हाय."

"पिशवी तरी न्यायची व्हती, सोंग पुरं झालं आसतं."

रेकॉर्डिंग हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात, दुपारी ठेवलं. त्या दिवशी लग्नाची तिथ नव्हती, म्हणून हॉल मोकळा मिळाला. खुर्च्या भरल्या. व्यापारी आले, दवाखान्यातले लोक आले, ट्रक बाजूला लावून दोन ड्रायव्हरही येऊन बसले. मॅडमनी आम्हा दोघांच्या सॅक्सच्या तोंडाला चिमट्यानं छोटे माइक लावले. "दोघांचा आवाज वेगवेगळा साठवला जाईल," त्या म्हणाल्या, "मग घरी जाऊन एकत्र करीन. मास्तर, तिसरी चाल तुमची. तुम्ही एकट्यानं हवं तेवढं लांब जा. मग ते जातील."

तिसरी चाल आराध्यांच्या गाण्याची होती, तुळजापूरच्या देवीची. ती उमरग्यात कुणाच्या अंगात न्हाय? मी ठरवलं होतं, आज ह्याला दाखवायचं. हात चोरता येतो म्हणतोस काय, बघ आता. पहिल्या दोन चाली नेहमीसारख्या झाल्या. तिसरीला ढोल आणि हलगी अशी काही पेटली की भिंती हादरल्या. मी डोळे मिटले आणि सुटलो. बोटं आपोआप चालली होती. वीस वर्षं मागं गेल्यासारखं वाटलं. मुरड घेतली तशी हॉलमधून शिट्टी आली, एक बाई ओरडली, "उदो!" मग सगळाच हॉल उदो उदो म्हणायला लागला. मी परत घेतली, परत, आणखी लांबवून. संपलं तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि लोक खुर्च्यांवरून उठले होते. एक म्हातारे शिंपी पुढं येऊन माझे दोन्ही हात कपाळाला लावून गेले. जोडीदारानं स्वतःची पाळी घेतलीच न्हाय, मान खाली घालून सॅक्स पुसत होता. त्याचाही शर्ट भिजला होता. मी मनात म्हणालो, चोर आता, चोरून दाखव.

तीन आठवड्यांनी मॅडम लॅपटॉप आणि दोन छोटे स्पीकर घेऊन शटरवर आल्या. सगळी पार्टी गोळा झाली. त्यांनी टेबलावर एक स्पीकर उजवीकडं ठेवला, एक डावीकडं. "उजवीकडून मास्तर ऐकू येतील, डावीकडून ते. अजून नीट एकत्र केलेलं नाही, हे कच्चं आहे." त्या जरा अवघडल्यासारख्या वाटल्या. "खरं सांगू का, मला अडचण आलीय. त्या परदेशी अल्बममध्ये दोघं वेगळे ओळखू येतात. तुम्ही दोघं तसे ओळखू येत नाही."

"कसं येनार?" मी जोडीदाराकडं बघत म्हणालो. "इचारा की त्याला."

पहिल्या दोन चाली झाल्या. तिसरी लागली. ढोल उठला, हलगी उठली, आणि माझी वेळ आली. ती ओळ आली, ती मुरड आली, उदो आला. अंगावर काटा आला माझ्या. आणि मग लक्षात आलं की आवाज डावीकडच्या स्पीकरमधून येतोय.

मी उठून उभा राहिलो. "बंद करा. वायरी बदलल्यात."

"नाही मास्तर."

"बदलल्यात म्हनतो ना! ते माझं हाय. सगळ्या उमरग्यानं ऐकलंय."

 मग मात्र माझा तोल सुटला. एकोणीस वर्षं शेजारी उभा राहिलेला माणूस म्हणून मी काही मागं ठेवलं न्हाय. रिक्षापाशी कुजबूज कशाची होती ते सांग म्हणालो. गोठ्यात काय चाललं होतं ते सगळ्यांसमोर काढलं. "कडब्याच्या गंजीमागं उभा राहून ऐकलंय म्या! हात चोरला तो चोरला, आता आख्खं वाजवलेलं चोरतोस? एका डब्यात जेवलो रं आपन! चोर हायस तू, चोर!"

तो एवढंच म्हणाला, "मास्तर, घरी जाऊन बोलू."

"हितंच बोल!"

ढोलवाला पुटपुटला, "जाऊ द्या की, मास्तर." ट्रम्पेटवाला शटरबाहेर रस्त्याकडं बघत होता. सगळेच कुठं ना कुठं बघत होते. माझ्याकडं कुणी बघेना. मला वाटलं, सगळे त्याला सामील आहेत.

मॅडम म्हणाल्या, "मास्तर, तुमचा एकट्याचा ट्रॅक ऐकायचाय का?"

"मॅडम, नका!" जोडीदार ओरडला. त्याचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो ओरडला म्हटल्यावर मी ऐकल्याशिवाय राहतोय होय? मी हेडफोन ओढून कानाला लावला.

लांबून ढोल ऐकू येत होता. त्याहून लांबून एक सॅक्स. आणि अगदी कानाशी चाव्यांची टकटक. बोटं बरोबर पडत होती, इतकी बरोबर की नुसत्या टकटकीवरून मला चाल कळत होती. आणि हवा. पंक्चर झालेल्या ट्यूबमधून सुटते तशी ओठांच्या कडेनं सुटणारी हवा. मध्येच एखादा सूर लागायचा, तोही अर्धा, आणि परत हवा. वायर बदलली म्हणायचीही सोय नव्हती, कारण प्रत्येक श्वासाला माझी कवळी खटकन वाजत होती, जेवताना वाजते तशी. मुरडीची जागा आली. बोट उचललं, लटकवलं, सोडलं. सगळं केलं होतं मी. आवाजच नव्हता. लोक लांबून उदो उदो ओरडत होते.

मॅडमनी बंद करायला हात पुढं केला. मी त्यांचा हात बाजूला सारला आणि टाळ्या संपेपर्यंत ऐकलं.

हेडफोन काढल्यावर मॅडम हळूच म्हणाल्या, "ते मला तेव्हा हेच विनवत होते. दोघांचा आवाज वेगळा साठवू नका, एकाच माइकवर घ्या. मला वाटलं, त्यांना अल्बमची कल्पना कळली नाही."

पार्टीतल्यांना एकदमच चहाची आठवण झाली. मॅडमनाही ते घेऊन गेले. शटरमध्ये मी आणि तो राहिलो. बाहेर ट्रक जात होते, शटर थरथरत होतं. मला तोंड वर करवेना. एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली न्हाय.

"कदीपासनं?" मी विचारलं.

तो पत्ती पुसत होता. कोरडीच पत्ती. "तुमचे दात काढले तवापासनं."

"कळंबला?"

"व्हय."

"ईटला?"

"व्हय, मास्तर."

"समद्यांना ठाव हाय?"

"पार्टीत हाय. भायेर न्हाय."

"आन मला का सांगितलं न्हाईस?"

त्याला प्रश्नच कळला न्हाय असं त्याचं तोंड झालं. "दम देनं माझं कामच हाय की."

राग यायला हवा होता, पण कुणाचा करायचा? मी म्हणालो, "चोर म्हनलो तुला. चारचौघांत."

"म्हनलात."

"चुकलं माझं."

त्यानं नुसती मान हलवली. मी उठलो, त्याचा सॅक्स त्याच्या हातात दिला. म्हणालो, "आता असं करू. ह्यो अल्बम तुजा. उजवीकडं तू. मॅडमला परत बोलवू, म्या खाली बसून ऐकतो. वाजव आता."

"काय वाजवू?"

"तुजं वाजव. माझं न्हाय. मला वाटलं पायजे, ह्यो दुसराच कुनीतरी वाजवतोय."

त्यानं पट्टा गळ्यात घातला, श्वास घेतला आणि एक चाल धरली. चांगली धरली. आवाज भरदार, पोट भरून. ओळ संपली आणि शेवटचा सूर वर गेला, लटकला, सुटला. तो थांबला. माझ्याकडं बघून ओशाळं हसला. मग त्यानं दुसरी चाल धरली, त्याच्या गावाकडच्या कानडी भजनाची, माझा तिच्याशी काही संबंध न्हाय. ओळ संपली, सूर वर गेला, लटकला. तिसऱ्या वेळी त्यानं मुद्दाम ओळ आधीच तोडली, तर ती लंगडी पडली. मधला श्वासही माझाच आला, अर्धा. पोट भरून श्वास घेता येणारा माणूस म्हाताऱ्यासारखा अर्धा श्वास घेत होता.

त्यानं सॅक्स खाली घेतला. "मास्तर, दुसरं काय येईनाच," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "तुमीच सांगा की. म्या हितं आलो तवा कसं वाजवायचो?"

मी आठवायला लागलो. तो आला तो दिवस मला लख्ख आठवला. अंगात आकाशी शर्ट, हातात नायलॉनची पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. त्यानं दोन चाली वाजवून दाखवल्या होत्या, इथंच, ह्याच शटरमध्ये. मी डोळे मिटून त्यातला एखादा सूर तरी हाती लागतो का बघितलं. लागला न्हाय. त्या दिवशी तो कुठं कुठं माझ्यासारखं वाजवत न्हाय तेवढंच मी बघत होतो. त्याचं वाजवणं असं मी ऐकलं नव्हतंच.

तो माझ्या उत्तराची वाट बघत उभा होता.